मोजा, पण रकाने पाडून

दिवाळी सरली की दुसरबीडच्या पंचक्रोशीत मोजणीचे दिवस येतात. सोयाबीन विकून झालेलं असतं, कपाशीची वेचणी चालू असते, तूर शेंगांवर आलेली असते आणि पारावर एकाच आकड्याची चर्चा असते, ती म्हणजे पैसेवारीची. अमरावती विभागात खरिपाची अंतिम पैसेवारी 31 डिसेंबरला जाहीर होते. नेमक्या त्याच तारखेला राज्याच्या दुसऱ्या टोकाला, सह्याद्रीच्या रांगेत, निराळ्याच मोजणीचा ताळेबंद मांडला जात असतो: या हिवाळ्यात किती किल्ले झाले, किती शिखरं झाली, एकूण आकडा शंभरावर गेला की दीडशेवर. दिवाळी ते होळी हा डोंगर भटकणाऱ्यांचा खरा हंगाम. शेवाळ वाळलेलं असतं, टाक्यांत पाणी असतं, उन्हाला अजून धार आलेली नसते. आणि हंगाम आला की त्याच्यामागून ठरलेला उपदेशही येतो, की डोंगर मोजायचे नसतात, अनुभवायचे असतात. हे वाक्य इतकं गोड आहे की त्याला कुणी उलट प्रश्न विचारत नाही. तो इथे विचारायचा आहे. माझ्या मते मोजण्यात काहीच वावगं नाही. आपण फार ढिसाळ मोजतो, दुखणं तिथे आहे, आणि त्याला औषध म्हणून वही फेकून द्या असं सांगणं म्हणजे माप चुकतं म्हणून तराजू मोडण्यासारखं आहे.

उपदेश करणाऱ्यांची बाजू पोकळ नाही, म्हणून ती आधी सरळ मांडतो. आकडा आला की चढाओढ आली, चढाओढ आली की घाई आली. घाईत माणूस गडाच्या दरवाजावरचं शिल्प बघत नाही, पायथ्याच्या गावात दोन शब्द बोलत नाही, माथ्यावरच्या पाटीशेजारी उभा राहून फोटो काढतो आणि पुढच्या गडाच्या पायथ्याला गाडी लावतो. दोन दिवसांत पाच किल्ले, तीन दिवसांत आठ, अशा सहलींच्या जाहिरातीही निघतात. डोंगर मग हजेरीपटावरची खूण होऊन जातो. हे घडतं, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो कारणाबद्दल. ज्याला दरवाजावरचं शिल्प बघायचंच नसतं तो न मोजताही ते बघत नाही. एकाच किल्ल्यावर जाऊन दिवसभर कर्णा लावून बसणारी टोळकी कुठलीही यादी ठेवत नाहीत. आकडा काढून घेतला की त्या जागी आपोआप नजर उगवते, हे कुणी कधी सिद्ध करून दाखवलेलं नाही. ते नुसतं म्हटलं जातं, आणि पुन्हा म्हटलं जातं.

पैसेवारीचंच बघा. शेत निवडायचं, त्यात ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, तेवढ्यातलं पीक कापायचं, मळायचं, तोलायचं आणि निघालेल्या उताऱ्याची प्रमाण उत्पन्नाशी तुलना करायची, अशी ती रीत. पन्नास पैशांच्या खाली आकडा आला तर गाव अडचणीत धरायचं. जमीन महसुलातली सूट, कर्जाचं पुनर्गठन, पोरांची परीक्षा फी अशा कितीतरी गोष्टी या आकड्याला टांगलेल्या असत. 2016 मध्ये दुष्काळ ठरवण्याचे निकष बदलले, पावसाचे खंड आणि उपग्रहाची चित्रं त्यात आली, तरी पैसेवारीवरून होणारी भांडणं काही थांबलेली नाहीत. आणि ती भांडणं कसली असतात? तुकडा ओलिताच्या वावरात का आखला, कोरडवाहूत का नाही? माणसं बांधावर आली होती, की तहसिलीत पंख्याखाली बसून आकडा भरला? या सगळ्या भांडणात एकही शेतकरी असं म्हणत नाही की पीक मोजायचं नसतं, अनुभवायचं असतं. पिकाशी त्याचं नातं कुठल्याही भटक्याच्या डोंगराशी असलेल्या नात्यापेक्षा पातळ आहे असं म्हणायची कुणाची छाती आहे? तरी त्याला मोजणी हवी असते, आणि आकड्यामागची रीत उघड असावी एवढाच त्याचा हट्ट असतो.

मोजण्यात अहंकार असतो, असं दुसऱ्या बाजूने सांगितलं जातं. असतोच. पण या महाराष्ट्रात वारकरी सहज सांगतो की माझी ही बाविसावी वारी, आणि ऐकणारा हात जोडतो. माळेचे मणी एकशे आठ, विनायक आठ, ज्योतिर्लिंगं बारा, आणि शक्तिपीठं तर साडेतीन. अर्ध्याचा हिशेब ठेवायलाही आपण मागेपुढे पाहिलेलं नाही, आणि ते अर्धं पीठ, सप्तशृंग, डोंगरावरच आहे. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना सिंदखेडराजा, लोणार, मेहकर या आपल्याच वाटेने जाते. तिच्यामागे चालणाऱ्यांना मुक्कामांचा हिशेब पाठ असतो आणि त्याने त्यांची भक्ती उणी झाल्याचं कुणाला दिसलेलं नाही. देवाला चालतं ते डोंगराला का चालू नये? गड ही तीर्थक्षेत्रं, त्यांची कसली गणती, असं म्हणणाऱ्यांनी तर गडाचा कारभार आठवून पाहावा. शिवकाळात गडावर हवालदार, सरनोबत, सबनीस आणि कारखानीस असत. सबनिसाकडे माणसांची हजेरी, कारखानिसाकडे धान्यापासून दारूगोळ्यापर्यंतचा जमाखर्च. कृष्णाजी अनंत सभासदाने 1697 च्या सुमारास जिंजीला बखर लिहिली, तिच्यात किल्ल्यांची नावानिशी यादी आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडांचं प्रकरण वाचलं तर तिथे गहिवर कमी आणि पाण्याची, टाक्यांची, तटाची, झाडांची काळजी जास्त सापडते. गड मोजणं ही काल शहरातून आलेली टूम नव्हे. फरक एवढाच, की जुन्या मोजणाऱ्यांच्या कागदाला रकाने होते आणि आजच्या वहीत नुसता अनुक्रमांक आहे.

इथवर वाचून मोजणाऱ्यांनी खूश होऊ नये. त्यांच्या वह्यांची अवस्था खरोखर वाईट आहे. पहिलाच प्रश्न विचारा: एक म्हणजे काय? अलंग, मदन, कुलंग हे तीन धरतात, रावळ्या-जावळ्या दोन, चंदन-वंदन दोन. राजगडाच्या तिन्ही माच्या आणि बालेकिल्ला मिळून मात्र एक. यात चूक असेलच असं नाही, पण नियम कोणता? 11 जून 1665 ला पुरंदरचा तह झाला, त्यात 23 किल्ले मोगलांना द्यायचे आणि 12 आपल्याकडे राखायचे ठरले. त्या तेविसांत पुरंदर आणि वज्रगड वेगळे मोजलेले आहेत, एका खिंडीने जोडलेले असूनही. का, ते दोन महिने आधीच दिसलं होतं. दिलेरखानाच्या फौजेने आधी वज्रगड घेतला आणि मग तिथून पुरंदरच्या माचीवर तोफा चालू लागल्या. एक पडला तर दुसरा माऱ्याखाली येतो, म्हणून ते दोन. त्या गणतीमागे कारण होतं, आणि त्या कारणाची किंमत माणसांनी जीव देऊन मोजलेली होती. आजच्या दीडशेच्या आकड्यामागे बहुतेकदा एवढंच कारण असतं की कुठल्यातरी यादीत ती दोन नावं वेगळी छापली होती.

स्कॉटलंडमध्ये सर ह्यू मन्रो नावाच्या गृहस्थाने 1891 मध्ये तीन हजार फुटांवरच्या डोंगरांचे तक्ते छापले. कुठला डोंगर स्वतंत्र आणि कुठला नुसताच शेजारचा उंचवटा, हे त्याने ठरवलं खरं, पण नेमकी कसोटी लिहून ठेवली नाही. त्यावरून तिथे सव्वाशेहून अधिक वर्षं वाद चालला आहे आणि त्या वादानेच ती यादी ताजी ठेवली आहे. 2012 मध्ये एक डोंगर नव्याने मोजला, तो तीन हजार फुटांना किंचित उणा भरला, आणि यादीतून खाली उतरला. आज तिथे 282 आहेत. आपल्याकडे एखादा किल्ला यादीतून उतरल्याचं कधी कानावर आलं आहे? इथे याद्या फक्त फुगतात. टेहळणीची चौकी, गावाची गढी, घाटातलं जकातीचं नाकं, सगळ्यांना 'किल्ला' ही एकच पदवी मिळते, कारण प्रत्येक नव्या नावाने कुणाचा तरी आकडा एकाने वाढणार असतो. उपदेशकांनी खरं तर यावर बोट ठेवायला हवं होतं. पण मोजणीच अपवित्र ठरवली की खोटी मोजणी आणि खरी मोजणी यांतला फरक बोलायची सोयच राहत नाही. खोटं मोजणाऱ्याला यापेक्षा आणखी काय हवं!

रकाने नसले की काय होतं, ते बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला वेगळं समजवायला नको. इथे माणूस घाटावरचा की घाटाखालचा, हे बोलण्यावरून दोन मिनिटांत कळतं. मलकापूर-मोताळ्याकडून बुलढाण्याला यायचं तर राजूरचा घाट चढावा लागतो, गाडी धापा टाकते. चिखलीकडून आलं तर चढ जाणवतही नाही. शहर तेच, समुद्रसपाटीपासूनची उंची तीच, आणि पायांना विचारलं तर दोन वेगळी गावं. अजिंठ्याची रांग उत्तरेकडून पाहिली तर भिंत, दक्षिणेकडून पाहिली तर वावराचा बांध. हीच गोष्ट सह्याद्रीत मोठ्या मापाने दिसते. हरिश्चंद्रगडावर पाचनईकडून माणूस दोन-तीन तासांत डबा घेऊन जातो. कोकणातल्या बेलपाड्याहून नळीच्या वाटेने चढायचं तर अख्खा दिवस दगडगोट्यांत जातो आणि जीव मुठीत धरावा लागतो. वहीत दोघांचाही हरिश्चंद्रगड एकच, 1424 मीटर. रायगडावर 1996 पासून रज्जुमार्ग आहे. सिंहगडावर, पन्हाळ्यावर गाडी जाते, चिखलदऱ्याला उतरलेला माणूस गाविलगडाच्या दरवाजाजवळ गाडीतून पाय खाली टेकतो. वहीत हे सारं एकाच मापात बसतं. आणि आमचं लोणार तर सगळ्याच याद्यांची फजिती करणारं ठिकाण! सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाच्या त्या खड्ड्यात आधी दम राखून खाली उतरायचं आणि मग तेवढंच चढायचं. इथे शिखर असलंच तर ते काठ आहे. शिखरांच्या वहीत त्याला कुठे लिहायचं, ते एखाद्या जाणत्याने सांगावं.

आता गर्दीचा मुद्दा. याद्यांमुळे डोंगरांवर झुंबड उडते, असं म्हणतात. डिसेंबरातल्या शनिवारी रात्री गर्दी कुठे असते ते पाहा: कळसूबाई, हरिहर, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, राजगड. तिथे रांगेत उभे असलेल्यांपैकी बरेच जण त्या हंगामात दुसऱ्या कुठल्याच डोंगरावर जाणार नसतात. त्यांच्याकडे वही नसते, त्यांच्याकडे एकच नाव असतं. उलट ज्याला एकशेएकविसावा किल्ला करायचा आहे, त्याला गर्दीचा किल्ला उपयोगाचाच नाही, तो त्याचा केव्हाच झालेला असतो. त्याला जावं लागतं सोयगावजवळच्या वेताळवाडीला, नाहीतर बागलाणातल्या एखाद्या अशा गडावर, जिथे वाट विचारायला गुराख्याशिवाय कुणी नसतं. मात्र गर्दी याद्यांमुळेच होते अशाही काही याद्या आहेत, आणि त्या आखूड असतात. राज्यातलं सर्वांत उंच, पाहायलाच हवेत असे दहा, आणि आता जुलै 2025 पासून जागतिक वारशातले बारा. त्या बारांतले अकरा महाराष्ट्रात आणि एक, जिंजी, तमिळनाडूत. विदर्भ-मराठवाड्यातला एकही नाही. मान मिळाला त्याचा आनंद आहेच, पण या बारांवर येत्या काही हिवाळ्यांत किती पायांचा भार पडेल याचा अंदाज बांधायला ज्योतिषी लागत नाही. आखूड यादी माणसं गोळा करते, लांब यादी त्यांना पांगवते. गर्दीची ज्यांना खरोखर चिंता आहे त्यांनी लांब याद्या ठेवणाऱ्यांच्या पाठीवर हात ठेवायला हवा.

धोक्याचा आक्षेप याहून वजनदार आहे आणि तो मी निम्मा मान्य करतो. एका हिवाळ्यात अमुक इतकी शिखरं, असा विडा उचलला की माणूस वारा-पाऊस बघत नाही, असं म्हणतात. याचं सगळ्यात मोठं उदाहरण मन्रोच्याच डोंगरांवरचं आहे. 1984-85 च्या हिवाळ्यात मार्टिन मोरन या गिर्यारोहकाने त्या वेळच्या यादीतले सगळे, म्हणजे 277 डोंगर, 83 दिवसांत केले. स्कॉटलंडचा हिवाळा म्हणजे आपली गुलाबी थंडी नव्हे. दिवस आखूड, माथ्यावर बर्फ, वारा माणसाला उभा राहू देत नाही. त्या मोजणीतून नुसता विक्रम निघाला नाही. त्या हिवाळ्यावर त्याने पुस्तक लिहिलं, आणि हिवाळ्यात या डोंगरांवर काय वाढून ठेवलेलं असतं ते इतरांना कळलं. हाच मोरन मे 2019 मध्ये नंदादेवी पूर्वच्या परिसरात सात साथीदारांसह हिमकड्याखाली गेला. ज्या शिखराकडे ते निघाले होते त्यावर आधी कुणी चढलेलं नव्हतं, त्याला नावही नव्हतं, म्हणजे ते कुठल्याही मोजणीच्या यादीत नव्हतं. डोंगर यादी बघून घाला घालत नाही. तरीही मी निम्मं मान्य करतो, ते अशासाठी की आपल्या वह्यांत फक्त 'झालं' एवढीच नोंद करायची सोय आहे. मदनच्या कातळाखाली संध्याकाळ झाली, दोर कमी पडला, कुणाचा पाय मुरगळला आणि टोळी शहाणपणाने परत फिरली, तर त्या दिवसाला वहीत जागाच नाही, तो दिवस फुकट गेला. मग माणूस परत फिरायला कचरतो. परत फिरलेल्या दिवसाला मोजणीत मानाचा रकाना द्या, तारीख आणि कारण लिहा. धोक्याचा निम्मा आक्षेप तिथेच विरघळेल. उरलेला निम्मा, म्हणजे 'इतक्या तासांत इतके किल्ले' हा प्रकार, त्याची बाजू मी घेत नाही. तिथे घड्याळ मोजलं जातं, डोंगर नाही.

मग कुणी म्हणेल, की आकड्यांच्या नादाने मोठमोठ्यांचा पाणउतारा होतो, त्याचं काय? आठ हजार मीटरवरची चौदा शिखरं सर्वप्रथम राइनहोल्ड मेसनरने 1986 मध्ये पुरी केली, हे शाळकरी पोरांनाही ठाऊक होतं. पुढे एका जर्मन अभ्यासकाने फोटो आणि वर्णनं ताडून दाखवलं, की 1985 मध्ये अन्नपूर्णेच्या लांबलचक माथ्यावर मेसनर अगदी शेवटच्या बिंदूच्या थोडा अलीकडे थांबला असावा, आणि 2023 मध्ये गिनेसने तो मान काढून अमेरिकेच्या एड व्हिस्टर्सला दिला. व्हिस्टर्सनेही मेसनरच पहिला असं म्हटलं. उपदेशक याकडे बोट दाखवतील, की बघा, मोजणी माणसाला किती क्षुद्र करते. मला उलट दिसतं. मेसनर अन्नपूर्णेची वायव्य भिंत चढला हे पराक्रमाचं काम होतं आणि त्यातला कण कमी झालेला नाही. कमी झाला तो आकडा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मोजणी काटेकोर झाल्यामुळेच त्या वेगळ्या दिसल्या. पराक्रम आकड्याच्या खुंटीला टांगून ठेवला तर खुंटी हलल्यावर तो पडणारच. आपल्या धोडपचं उदाहरण घ्या. बहुतेकजण त्याच्या शेवटच्या सुळक्याच्या पायाशी, गुहेतल्या देवीपाशी थांबतात, कारण पुढचा कातळ सामान्य माणसाचं काम नाही. तिथे थांबण्यात काहीच कमीपणा नाही. 'सुळक्याखालून परत' एवढे दोन शब्द वहीत लिहायला मात्र हात जड होतो.

आता दुसरबीडवरून पाहिलं तर या सगळ्या मोजणीतला सर्वांत मोठा अन्याय दिसतो, आणि त्यावर उपदेशकही बोलत नाहीत, मोजणारेही बोलत नाहीत. इथून कळसूबाईचा पायथा तीनशे किलोमीटरच्या पलीकडे आहे. पुण्याच्या पोराला सिंहगड, राजगड, तोरणा, लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना हे सारं रविवारच्या डब्यात मिळतं. सिंदखेडराजा तालुक्यातल्या पोराला एका किल्ल्यासाठी दोन रात्री एसटीत काढाव्या लागतात आणि तुरीच्या सोंगणीला घरी माणूस कमी पडतो. दोघांच्या हंगामाचे आकडे शेजारीशेजारी ठेवले तर त्यातून पायांतलं बळ मोजलं जात नाही, गाडीभाडं मोजलं जातं. जवळचे म्हणावेत तर नरनाळा आणि जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा सातपुड्यातला मैलगड, पण तो प्रदेश जंगलाचा. तिथे वन खात्याची वेळ, परवानगी, वाघाची हद्द हे सारं आलं, आणि ते असायलाच हवं. म्हणून इकडच्या माणसाने वेगळं मोजावं असं मी सुचवतो: डोंगर एकच, फेऱ्या अनेक. घाटाच्या काठावरचं आपल्या गावाजवळचं एखादं टेकाड धरा आणि कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत त्यावर वीस वेळा जा. सह्याद्रीच्या यादीत याचा आकडा एक येईल. पण या वीस फेऱ्यांच्या नोंदीत गवत कुठल्या आठवड्यात पिवळं पडलं, नाल्यातलं पाणी कधी तुटलं, पळस कधी फुलला आणि वणवा कुठल्या अंगाने चढला हे सगळं येईल. वीस डोंगरांवर एकेकदा जाणाऱ्याच्या हाती यातलं काही लागत नाही. पुण्यात दर रविवारी सिंहगड चढणारी माणसं पिढ्यान् पिढ्या आहेत. त्यांच्या वाट्याला एकही यादी येत नाही, आणि सिंहगडाबद्दल विचारायचं तर त्यांनाच विचारावं लागतं.

शेवटी हा आक्षेप उरतो, की एवढे रकाने पाडले तर भटक्याचा तलाठी होईल, मोकळ्या हवेत जाऊन पुन्हा कारकुनीच करायची का? मला यात नामुष्की दिसत नाही. तलाठ्याची पीक पाहणी नसती तर या मुलखात कुणाच्या शेतात काय उभं होतं हे सिद्ध करणं कठीण झालं असतं. गडावरच्या टाक्याशी उभं राहून बघा. कातळात खोदलेला चौकोन, आत हिरवट पाणी, आणि भिंतीवर एकाखाली एक पांढुरक्या रेघा. वरची रेघ भाद्रपदातली, तिच्याखालची दिवाळीची, त्याखाली ओल दिसते तिथे आजची. त्या टाक्याने स्वतःची मोजणी स्वतःच करून ठेवलेली असते. शेजारच्या टाक्यात गाळ भरलेला, तिसऱ्यात प्लास्टिकच्या बाटल्या तरंगताना दिसतात. दर हिवाळ्यात शेकडो माणसं या टाक्यांतून बाटल्या भरून घेतात, वहीत गडाचं नाव लिहितात आणि टाकं लिहीत नाहीत. त्यांनी ते लिहिलं असतं तर कुठल्या गडावर माघ सरल्यावर पाणी मिळतं आणि कुठे मिळत नाही, याचा दहा-वीस वर्षांचा कागद आज आपल्याकडे असता. गाळ काढायला जाणाऱ्या पोरांना आधी कुठे जायचं ते कळलं असतं, पायथ्याच्या वाडीवरच्या गुराख्यांना त्याचा उपयोग झाला असता, आणि डोंगर नुसते अनुभवून घरी जाणाऱ्यांचीही तहान भागली असती.

तेव्हा या हंगामात ज्यांची वही चालू आहे त्यांनी ती बंद करू नये. नावापुढे पाच रकाने पाडावेत: कुठल्या वाटेने, कुठपर्यंत, कितव्यांदा, परत फिरलो असलो तर का, आणि टाक्यात पाणी किती. पहिल्या चारांना पेन्सिल लागते. पाचव्याला एक सुतळी आणि तिच्या टोकाला बांधायला गडावरचाच एक दगड.